राठोडीहून आलेली पत्रं

तुम्ही चिंचवड स्टेशनच्या फलाटावर उभे आहात. १२ नोव्हेंबर १९५६, सोमवार, रात्रीचे सव्वादहा. खिशातली पाचशेची नोट खिशातच राहू द्या. इथे रुपये-आणे-पै चालतात, नवे पैसे यायचे ते पुढच्या एप्रिलात. मोबाइलही बंद करून टाका. त्याचा काही उपयोग नाही, आणि उजेड पडला तर हमाल दचकेल.

दिवाळी उलटून दहा दिवस झालेत. थंडी धरायला लागलीय. शुद्ध पक्षातला चंद्र पश्चिमेला कलला आहे आणि त्याच्या उजेडात रुळांच्या दोन्ही अंगांना ज्वारी उभी दिसते. तुमची सोसायटी, तिची तीन मजली पार्किंग, मेट्रोचे खांब, यातलं काहीही शोधू नका. आकुर्डीत बजाजची स्कूटर नाही. पिंपरीत टेल्को नाही. एमआयडीसी जन्माला यायला सहा वर्षं आहेत आणि पिंपरी-चिंचवड या जोडनावाची नगरपालिका व्हायला चौदा. चाकण म्हणजे फिरंगोजी नरसाळ्यांनी लढवलेला किल्ला आणि कांदा. पिंपरीत फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचा कॅम्प आहे आणि मोठं नाव म्हणावं असा हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ मध्ये तो उभा राहिला आणि गेल्या वर्षापासून तिथे पेनिसिलीन निघतंय. देशभरातल्या डॉक्टरांच्या बॅगेत पिंपरीचं नाव पोचायला सुरुवात झालीय.

फलाटावर घोंगडी पांघरून बसलेले दोघे-तिघे हळू आवाजात राजकारण बोलताहेत. मराठी आणि गुजराती मुलूख एकत्र बांधलेलं द्विभाषिक राज्य सुरू होऊन अकरा दिवस झालेत. यशवंतराव नवे मुख्यमंत्री. लोकांना हवा होता संयुक्त महाराष्ट्र, त्यामुळे बोलण्यात शिव्या जास्त आहेत. ऐका थोडं, पण त्यांच्यात शिरू नका. आपली गाडी येतेय.

रात्री दहाला पुण्याहून सुटलेली मुंबई पॅसेंजर. कुणी या रात्रीवर सिनेमा काढला तर इंजिनातून धूर सोडेल, खात्री आहे. पण पुणे-मुंबई मार्गावर वीज १९२९ मध्येच आलीय. धूर नाही, कोळशाचा वास नाही. गाडी घरघरत येते, क्षणभर थांबते आणि तुम्ही चढता.

ज्या डब्यात ते दोघे आहेत त्यात मी तुम्हाला बसवणार नाही, शेजारच्या डब्यात बसवतो. त्या डब्यात आज रात्री नेमकं काय घडतं ते कुणीच पाहिलेलं नाही. तीन वर्षांनी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाचे तीन न्यायमूर्ती हीच रात्र डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करतील आणि त्यांचंही एकमत होणार नाही.

दोघांची नावं मात्र सांगायला हरकत नाही. बाई आहेत लक्ष्मीबाई कर्वे, शुक्रवार पेठेतल्या. वय सेहेचाळीसच्या आसपास. सोबत त्यांचे डॉक्टर, अनंत चिंतामण लागू. मुंबईत एका नावाजलेल्या डॉक्टरला प्रकृती दाखवायची आहे, असं बाई शेजारणींना सांगून निघाल्यात. निघताना त्या चालत्या-बोलत्या, नीट होत्या. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

गाडी देहूरोड मागे टाकते. लोणावळ्यापर्यंत वेळ आहे, तेवढ्यात बाईंची वैधव्यातली अकरा वर्षं पाहून घ्या.

१९२२ मध्ये, बाराएक वर्षांची असताना, इंदुमती पोंक्षे नावाची मुलगी अनंत रामचंद्र कर्वे यांना दिली गेली आणि लक्ष्मीबाई झाली. नवरा बिजवर, धंद्यात बऱ्यापैकी कमावलेला. १९४५ मध्ये तो वारला, पण त्याआधी मृत्युपत्र करून बायकोची सोय लावून गेला: राहायला खोल्या, दरमहा पोटगी, ठेवीतले पैसे, दागिने. शेवटच्या आजारपणात औषधपाणी बघायला डॉ. लागू येत होते. नवरा गेला, डॉक्टरांचं येणं-जाणं चालू राहिलं. बाईंना क्षयाने गाठलं, मग मधुमेह. (पिंपरीचं पेनिसिलीन क्षयावर चालत नाही, हे जाता जाता.) घरात इस्टेटीवरून कुरबुरी झाल्या. थोरला मुलगा लष्करात नोकरीला गेला. धाकटा १९५४ मध्ये वारला. एकेक माणूस वजा होत गेलं आणि उरलेल्या जागेत डॉक्टर बसत गेले: आधी नाडी, मग बँक, मग लाभांशाचे कागद.

ठकसेन म्हटलं की आपल्याला उंची सूट, परदेशी अत्तर, गोड इंग्रजी दिसतं. २०१९ चा ‘द गुड लायर’ तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. दिग्दर्शक बिल काँडन, म्हातारा भामटा इयन मकेलन, पैसेवाली विधवा हेलन मिरन. पाहिला नसेल तर पुढचं वाक्य सोडून द्या. त्यात बाईला सगळं आधीपासून माहीत असतं आणि शेवटी तीच त्याला धुऊन काढते. प्रेक्षक खूश होऊन घरी जातात. शुक्रवार पेठेत तसलं काही नव्हतं. तिथे होता कोपऱ्यावरचा डॉक्टर, ज्याला पेठेत सगळे ओळखत होते आणि जो कधीही बेल न वाजवता आत येऊ शकत होता. अनोळखी माणसाला विधवेच्या घरात शिरायला महिने लागतात, डॉक्टरला नुसता ताप पुरतो.

अजून एक गोष्ट याच १९५६ सालात घडलीय. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला. हिंदू विधवेला मिळालेली मालमत्ता यापुढे केवळ हयातीपुरती राहिली नाही, ती पूर्ण मालकीण झाली. विकू शकते, देऊ शकते, उधळू शकते. कायदा करणाऱ्यांनी बाईच्या हातात सही दिली. ती सही आपल्या कामाची आहे हे ओळखणारे लोकही त्याच क्षणी तयार झाले असणार.

लोणावळा. खंडाळा. घाटात गाडी बोगद्यांतून खाली उतरते आणि दर बोगद्यात शेजारच्या डब्यातला आवाज बंद होतो, पुन्हा सुरू होतो. कर्जत. कल्याण. तुम्हाला झोप लागते. तुमचा दोष नाही, सगळा डबा झोपलाय.

पहाटे पाचच्या सुमारास गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसला लागते. आता जागे व्हा आणि नीट बघा, कारण इथून पुढचं सगळं नोंदीत आहे.

लक्ष्मीबाई बेशुद्ध आहेत. डॉक्टर टॅक्सी करतात. स्टेशनला अगदी लागून सेंट जॉर्ज हॉस्पिटल आहे. टॅक्सी तिकडे वळत नाही, ती जी. टी. हॉस्पिटलला जाते. हा फाटा पुढे निकालपत्रात पुन्हा पुन्हा येईल. पावणेसहाला अपघात विभागात बाईंची नोंद होते. दाखल करणारा सांगतो, गाडीत अचानक शुद्ध हरपली, पूर्वीही असं झालंय. तरुण डॉक्टर कागदावर हिस्टेरियाचे झटके असं लिहितो. आणि नाव? लक्ष्मीबाई कर्वे हे नाव तिथे कुठेच नाही. नोंद होते ‘इंदुमती पौंशे’ अशी. माहेरचं पोंक्षे, त्यातलं एक अक्षर सरकवलेलं. पुण्यात जिला तीसहून जास्त वर्षं लक्ष्मीबाई म्हणून ओळखतात, ती मुंबईच्या रजिस्टरात सापडणार नाही याची तजवीज एका अक्षरात झाली.

सकाळी अकराला मानद वैद्य डॉ. वरियावा फेरीवर येतात. ते खाटेपाशी थांबतात. हिस्टेरिया? त्यांना पटत नाही. लघवीत साखर निघालीय. मधुमेहाने आलेली बेशुद्धी असेल तर श्वासाला एक विशिष्ट गोडसर वास येतो, तो आहे का हे ते पाहतात. वास नाही. साडेअकराला बाई जातात.

अंगावर दागिने नाहीत. सोबत कुणी नाही. पुण्याला कळवलं जातं, न्यायला कुणी येत नाही. बेवारस म्हणून प्रेत ग्रँट मेडिकल कॉलेजकडे जातं, विद्यार्थ्यांना शिकायला. नवरा मृत्युपत्र करून सोय लावून गेला होता त्या बाईचं शेवटी हे झालं. इथे पटकन पुढे जावंसं वाटेल, जाऊ नका. कॉलेजातल्या एका शिपायाला मानेवर वळ दिसतो. तो वरिष्ठांना सांगतो. सगळ्या प्रकरणात कुठलाही स्वार्थ नसताना, कुणी न सांगता थांबून बघणारे दोघेच: खाटेपाशी वरियावा आणि हा शिपाई. वळ पुढे निरुपद्रवी निघाला, मृत्यूनंतरचा. पण त्याच्यामुळे पोलीस सर्जन डॉ. झाला यांनी शवविच्छेदन केलं आणि व्हिसेरा तपासायला गेला. विष सापडलं नाही. मृत्यूचं कारण पडलं: मधुमेही बेशुद्धी.

म्हणजे प्रकरण संपलं. डॉक्टर सुटले. एक आजारी बाई आजारात गेली, सरकारी शिक्क्यासकट.

आता एक उडी मारू. १९५७. तुम्ही पुण्यात, लक्ष्मीबाईंच्या एखाद्या नातेवाइकाच्या ओसरीवर बसलाय आणि पोस्टमन आलाय.

पत्र लक्ष्मीबाईंचं आहे.

मी तीर्थयात्रेला निघाले आहे, काळजी करू नये. काही दिवसांनी आणखी एक: मी पुन्हा लग्न केलंय, जोशी नावाच्या गृहस्थांशी, जयपूरजवळ राठोडी इथे सुखात आहे, परत येणार नाही. तुमच्या यजमानीणबाई पत्र पुन्हा पुन्हा उलटून बघतात. सेहेचाळिशीची, क्षयातून उठलेली, मधुमेही ब्राह्मण विधवा राजस्थानात जाऊन लग्न करते? अशक्य म्हणावं तर कसं म्हणायचं? विधवाविवाहाला आपण सगळे पाठिंबा देतो ना, धोंडो केशव कर्व्यांचं नाव घेत? काहींना धक्का बसला, काहींनी नाक मुरडलं, काहींना हेवाही वाटला असेल. लागूंनी या बाबतीत माणसं बरोबर ओळखली होती: विधवेने लग्न केलं म्हटलं की लोक तिची चौकशी करत नाहीत, तिच्याबद्दल बोलत बसतात.

आणि तेवढ्या वेळात शुक्रवार पेठेतल्या खोल्यांतलं सामान हललं. बँकेतून पैसे निघाले. लाभांश कुणाच्या तरी हाती पोचला.

इथे त्या माणसाची खरी अडचण दिसते. बाई मेली हे जगाला कळून चालणार नाही, कारण मेलेल्या बाईचा चेक वटत नाही, आणि तिचा मुलगा वारस म्हणून उभा राहतो. बाई जिवंत आहे असं दाखवायचं तर तिला बोलतं ठेवावं लागतं. म्हणून पत्रं. एका पत्राला दुसरं पत्र लागतं, दुसऱ्याला नवरा, नवऱ्याला गाव, गावाला पोस्टाचा शिक्का. नुसतं गप्प बसला असता तर कदाचित इंदुमती पौंशे ही बाई जी. टी. हॉस्पिटलच्या रजिस्टरात कायमची गाडली गेली असती. हॉस्पिटल, पोलीस सर्जन, रासायनिक तपासणी, सगळ्यांनी त्याला पदराखाली घेतलं होतं. त्याला अडकवलं त्याच्याच लिहिण्याने, आणि लिहिणं त्याला थांबवता येत नव्हतं कारण पैसे अजून यायचे होते.

१९५७ सरताना नातेवाइकांनी चौकशी लावून धरली. जयपूरच्या बाजूला लक्ष्मीबाई जोशी सापडली नाही. मग तपास उलटा सरकत सरकत मुंबईच्या रजिस्टरातल्या त्या सरकवलेल्या अक्षरापाशी येऊन ठेपला. मार्च १९५८ मध्ये लागूंना अटक झाली. पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली.

१४ डिसेंबर १९५९, दिल्ली. सर्वोच्च न्यायालयात मागच्या बाकावर जागा धरा. आज निकाल आहे. न्यायमूर्ती एस. के. दास, ए. के. सरकार आणि एम. हिदायतुल्ला. विष सापडलं नसताना विषप्रयोगाचा खून शाबीत होतो का, हा प्रश्न. बहुमताचं निकालपत्र हिदायतुल्लांचं आहे आणि ते वाचताना वकिली भाषेच्या आत एक गोष्ट सांगणारा माणूस दिसत राहतो. मधुमेही बेशुद्धी टप्प्याटप्प्याने येते, आधी खुणा देते, धडधाकट गाडीत चढलेल्या माणसाला अशी झोपेत गाठत नाही. ज्यांची साक्ष वजनदार होती त्या डॉक्टरांनी ते समजावून सांगितलं. मग उरतं काय? जवळचं हॉस्पिटल सोडणं, नाव फिरवणं, प्रेत बेवारस टाकणं, मेलेल्या बाईच्या नावाने संसार थाटणं, आणि हे सगळं करणारा माणूस औषधांत मुरलेला. विष पकडता येत नाही म्हणून डॉक्टरला सवलत मिळाली तर जो जास्त शिकलेला खुनी तो जास्त सुरक्षित, असा त्या युक्तिवादाचा सूर. फाशी कायम.

पण सरकारसाहेबांचंही ऐका. त्यांचं मत वेगळं पडलं. त्यांचं म्हणणं साधारण असं की हा माणूस लबाड आहे, अफरातफर करणारा आहे, हे पुरेपूर दिसतं, परंतु बाई आपल्या आजाराने गेली आणि मग याची बुद्धी फिरली, असंही होऊ शकतं. ती शक्यता पुराव्याने बंद झालेली नाही. भामटेपणा म्हणजे खून नव्हे. हे वाचून अस्वस्थ व्हायला होतं. मला विचाराल तर मी हिदायतुल्लांच्या बाजूचा, पण सरकारांचं निकालपत्र वाचल्याशिवाय ही बाजू घेऊ नये असंही वाटतं. नुसत्या चीड आणणाऱ्या वागण्यावर माणूस फासावर जाऊ लागला तर त्या दोरीला पुढे कोण कोण लागेल, हा त्यांचा प्रश्न आजही जुना झालेला नाही. ‘अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य’ हा निकाल कायद्याचे विद्यार्थी अजून पाठ करतात ते परिस्थितिजन्य पुराव्यासाठी. लक्ष्मीबाईंचं नाव शीर्षकात नाही. खटल्यांच्या शीर्षकात मेलेल्याचं नाव नसतंच.

चला, परत. दिल्लीहून थेट आजच्या पिंपरीत.

पुन्हा नोव्हेंबर आहे. ज्वारी कुठेच नाही. चाकणला जाणाऱ्या रस्त्यावर ट्रेलरची रांग तळेगाव चौकापर्यंत मागे आलीय आणि ज्यांच्या शेतांवर ते कारखाने उभे आहेत त्या घरांतल्या आया-बहिणींच्या सह्या हक्कसोडपत्रांवर कधीच होऊन गेल्यात. काहींनी समजून केल्या, काहींना दुय्यम निबंधकाच्या दारात गाडीतून उतरवून अंगठ्याची जागा दाखवली गेली. २०१८ पासून शहराला स्वतःचं पोलीस आयुक्तालय आहे. लग्न जुळवणाऱ्या साइटवरून एकट्या बायकांना गाठणारे, ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी देऊन म्हाताऱ्यांच्या ठेवी मोडायला लावणारे, यांच्या बातम्या आता शहराच्या पानावर इतक्या नेमाने येतात की तुम्ही मथळा वाचून पान उलटता. नव्या भामट्याला ताप येण्याची वाट बघावी लागत नाही. त्याला शुक्रवार पेठेत राहावंही लागत नाही.

तुम्ही एका बँकेत उभे आहात. गर्दी आहे, कारण पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना आहे. आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा सिद्ध करायचं. २०१४ पासून ते ‘जीवन प्रमाण’ म्हणून बोटाच्या ठशावर होतं, आता मोबाइलसमोर चेहरा धरूनही. लक्ष्मीबाईंचे पैसे देणाऱ्यांनी तेव्हा फक्त कागद बघितले होते, माणूस कुणी बघितला नव्हता. म्हणून ही सोय चांगलीच म्हणायची. रांगेत निम्म्याहून जास्त बायका आहेत. नवरे कारखान्यांत राबले आणि गेले, मागे कुटुंब निवृत्तिवेतन राहिलं. बोटं घासली गेलीत, त्यामुळे मशीन ठसा घेत नाही. कारकून बोट पुसून पुन्हा ठेवायला सांगतो.

तुमच्या पुढच्या आजी वळतात. डोक्यावर पदर, हातात पिशवी, पिशवीत पासबुक.

“दादा, एवढा फॉर्म भरून दे की. चष्मा घरी राहिला.”

तुम्ही फॉर्म घेता. खाली सही आधीच केलेली आहे. वरचे सगळे रकाने कोरे.

“आजी, आधी भरायचा, मग सही करायची. कोऱ्यावर सही करू नये.”

“त्यात काय होतंय? आपल्याच बँकेचा तर आहे.”

“तरी. कुणी काहीही लिहील वर.”

“अगं बाई, सकाळी तो पॉलिसीवाला आला होता त्याला पण अशाच दिल्या. चांगला मुलगा आहे, घरच्यासारखा. ह्यांचं सगळं त्यानेच बघितलं.”

“किती कागदांवर?”

आजी बोटं मोजायला लागतात. एका हाताची संपतात, त्या दुसरा हात पुढे करतात.